सहा जणांची फौज



सांगलीच्या परिसरांत बुद्धिबळाविषयीं बोलूं जाणें म्हणजे कृष्णाकांठच्या माणसास पोहणें समजावून देण्यासारखें आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनीं नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारें येथील मुलांस पटावर बसविलें. स्वाती घाटे यांच्यासारख्या खेळाडू याच शहरांतून पुढें आल्या. सांगलीस जें वेड, त्याचा थोडाफार वारा शेजारच्या आमच्या माधवनगरास लागावयाचाच. म्हणून आज ज्या खेळाविषयीं मी बोलणार आहें, त्याचा आरंभ बुद्धिबळापासूनच करतों. म्हणजे तो आपणांस अगदींच परका वाटणार नाहीं.

बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही राजांची फौज सारखी असते. सोळा मोहरे याचे, सोळा त्याचे. हत्ती तिरका जात नाहीं आणि उंट सरळ जात नाहीं, हें दोघांनाही ठाऊक. आतां अशी कल्पना करा कीं, पट मांडण्यापूर्वीं प्रत्येकास कोणी सांगितलें, "कोठारांत हजाराहून अधिक मोहरे आहेत. त्यांतले सहा घे. प्रत्येकास चारच चाली शिकव. कोणत्या, तें तुझें तूं ठरव. कोणास चपळ करावयाचें आणि कोणास चिवट, तेंही तूंच ठरव." मग काय होईल? अर्धें युद्ध पट मांडण्याच्या आधींच, घरीं, वहीवर आणि रात्रीच्या विचारांत लढलें जाईल. असा खेळ आज अस्तित्वांत आहे आणि आपल्यापैकीं अनेकांच्या घरांत तो खेळला जात असेल. त्याचें नांव पोकेमॉन.

हें नांव ऐकून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आठी पडली असेल. २००३ सालीं कार्टून नेटवर्कवर त्याची चित्रमालिका आपल्या देशांत दिसूं लागली, तेव्हांपासून पिवळ्या उंदरासारखा एक प्राणी मुलांच्या दप्तरांवर आणि पाण्याच्या बाटल्यांवर बसलेला आपण पाहिला आहे. पण चित्रमालिका ही मागाहून आली; मूळ वस्तु खेळच. सातोशी ताजिरी नांवाच्या जपानी गृहस्थास लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता. त्या नादांतून त्यानें आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं प्राणी पकडण्याचा, पाळण्याचा व झुंजविण्याचा खेळ रचला, आणि तो २७ फेब्रुवारी १९९६ रोजीं जपानांत बाहेर पडला. तळहातावर मावणारीं दोन यंत्रें तारेनें जोडून दोन मुलांनीं आपापले प्राणी लढवावेत, अशी त्यांत सोय होती. 'पॉकेट मॉन्स्टर' म्हणजे खिशांतला राक्षस; त्याचेंच आंखूड रूप पोकेमॉन. तेव्हां असे १५१ राक्षस होते. ज्या निन्टेन्डो कंपनीनें तो विकला, तिचा आरंभ १८८९ सालीं क्योटो शहरांत खेळावयाचे पत्ते करण्यापासून झाला होता. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा रंगविणारांनीं ती वाट धरली नाहीं, एवढेंच!

२००९ पासून या खेळाची जागतिक स्पर्धा भरूं लागली. तेथील सामना कसा चालतो तें थोडक्यांत सांगतों. पुढें येणारे आंकडे २०२२ च्या नोव्हेंबरांत निघालेल्या 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' या जोडखेळांचे आहेत, कारण माझ्या पाहण्यांत तेच आले.

प्रत्येक खेळाडू सहा प्राणी घेऊन येतो. आरंभीं दोघांचेही सहाच्या सहा प्राणी एकमेकांस दिसतात, आणि दीड मिनिटांत त्यांतले चार निवडावयाचे असतात. चारांपैकीं दोन मैदानांत उतरतात, दोन मागें थांबतात. प्रत्येक फेरीस दोन्ही खेळाडू आपापल्या जोडीस गुप्तपणें आज्ञा देतात. मग ज्याचा वेग अधिक, त्याची चाल आधीं. आज्ञा देण्यास पाऊण मिनिट मिळतें. ज्याचे चारही प्राणी पडले तो हरला. सारे प्राणी पन्नासाव्या पायरीवर आणून लढविले जातात. त्यामुळें ज्यानें अधिक रात्री जागविल्या त्याचा प्राणी दांडगा, असा प्रकार स्पर्धेंत चालत नाहीं.

प्रत्येक प्राणी अठरा कुळांपैकीं एका किंवा दोन कुळांचा असतो. अग्नि गवतास जाळतो, गवत पाणी पिऊन टाकतें, पाणी अग्नीस विझवितें; अशा वेळीं प्रहार दुप्पट बसतो. दोन्ही कुळें एकाच प्रहारास नाजूक असलीं तर चौपट बसतो. उलट, विजेचा प्रहार भूमि-कुळाच्या प्राण्यावर केला तर तो जमिनींत मुरतो, परिणाम शून्य. अठरा कुळांचें हें कोष्टक मुलें पाढ्यांसारखें तोंडपाठ म्हणतात. पाढ्यांसारखें म्हणतों खरा, पण ज्या मुलास एकोणतीसाचा पाढा येत नाहीं त्यासही हें येतें, याचें कौतुक करावें कीं खेद, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

याहून मौजेचा भाग पुढें आहे. प्राण्याचे सहा गुण मोजले जातात: जीवनशक्ति, मारण्याचे दोन प्रकार, ते झेलण्याचे दोन प्रकार, आणि वेग. शिक्षणानें हे गुण वाढवितां येतात. पण एका प्राण्यास शिक्षणाचे एकूण ५१० च गुण द्यावयाचे, आणि कोणत्याही एका बाबतींत २५२ च्या वर नाहीं. हिशेब करून पाहा. दोन बाबी पुऱ्या भरल्या कीं हातांत सहा उरतात. सहा रांजण आणि धान्य दोनच रांजणांचें! शिवाय पंचवीस स्वभाव आहेत, आणि त्यांतले वीस असे कीं, एक गुण दशांशानें वाढवितात तर दुसरा तितकाच घटवितात. महिन्याच्या पहिल्या तारखेस खर्चाची वही घेऊन बसणाऱ्या गृहिणीस ही विद्या कोणी शिकवावयास नको. कोठें खर्च करावयाचा हा प्रश्न सोपा असतो. कोणाच्या तोंडचा घांस काढावयाचा, तेथें हात थांबतो.

नवशिका काय करतो? तो सर्वांत बलवान् असे सहा प्राणी गोळा करतो. कागदावर ते भीमसेन दिसतात आणि तिसऱ्या फेरींत आडवे होतात. कारण सहाही जणांची दुखरी बाजू एकच निघते, किंवा सहाही जण मारणारे आणि झेलणारा कोणी नाहीं. कबड्डीच्या संघांत सातही गडी चढाईचे घेतले तर पकड कोण करणार?

या बाबतींत २०१४ सालची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. त्या वर्षीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथें जागतिक स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क हा खेळाडू आपल्या संघांत पाचिरिसू नांवाची विजेची खार घेऊन आला. या खारीच्या सहा मूळ गुणांची बेरीज ४०५. त्याच संघांत गार्चोम्प नांवाचा जो प्राणी होता, त्याची बेरीज ६००. जगांतले निवडक खेळाडू जमलेल्या सभागृहांत ही खार पाहून कित्येकांस ती थट्टा वाटली असेल. परंतु पार्कनें तिला मारण्याचें काम दिलेंच नव्हतें. त्याचा मुख्य योद्धा होता ग्यारडोस, जल आणि वायु या दोन कुळांचा. रूप पालटण्यापूर्वीं विजेचा प्रहार त्यास चौपट लागतो. खारीस एक चाल येत होती, जिचा अर्थ 'माझ्या मागें या': ती केली कीं शत्रूनें एकेकट्यावर सोडलेले प्रहार खारीकडे वळतात. आणि खारीचा अंगचा गुण असा कीं, वीज अंगावर पडली तर तिला इजा न होतां तिची शक्ति भरून येते. म्हणजे ग्यारडोससाठीं शत्रूनें जपून आणलेलें शस्त्र खारीच्या पोटांत अन्न होऊन जात होतें. तिला चावण्याची जी चाल दिली होती, तीही विचार करण्यासारखी आहे. त्या चाव्यानें शत्रूची असेल ती शक्ति निम्मी होते, मग चावणाराच्या अंगीं बळ असो वा नसो. दुबळ्यास असें काम द्यावें कीं ज्यांत बळ लागतच नाहीं!

पार्क त्या वर्षीं जगज्जेता झाला. आपल्याकडे लहानशा मदतीस 'खारीचा वाटा' म्हणतात. वॉशिंग्टनच्या त्या खारीस मात्र हा वाक्प्रचार लागू करतां येणार नाहीं. तिच्यावांचून तो संघ उभाच राहत नव्हता.

हें सारें मला कळलें तें माझ्या शेजारीं राहणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यामुळें. तो मला काका म्हणतो. त्यापलीकडे त्याची ओळख देण्याचें कारण नाहीं. गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत त्यानें एक संघ बांधावयास घेतला आणि त्याच्या बांधणीचा मी साक्षी झालों. प्रथम त्यानें निवडला टॉर्कोल, म्हणजे पाठीवर धुराडें असलेलें एक कासव. मी विचारलें, "एवढ्या हजारांत तुला कासवच मिळालें?" तो म्हणाला, "काका, याचा वेग वीस आहे. हळूपणांत याच्या खालीं फारसे कोणी नाहींत. म्हणून तर घेतला."

उत्तर कोड्यासारखें होतें, पण उलगडा सुरेख आहे. ट्रिक रूम नांवाची एक चाल आहे. ती केली कीं पांच फेऱ्यांपुरती सृष्टि उलटी होते. जो मंद तो आधीं चालतो आणि जो चपळ तो शेवटीं. टॉर्कोल मैदानांत येतांच कडक ऊन पडतें आणि उन्हांत अग्नीचा प्रहार दीडपट होतो. त्याचा एक उद्रेक आहे, तो समोरच्या दोघांवरही कोसळतो. अंगांत पूर्ण शक्ति असतांना त्याचें बळ १५० आणि जसजशी शक्ति घटेल तसतसें कमी. म्हणजे हें कासव मार खाण्याच्या आधीं मारूं शकलें तरच त्याचा उपयोग. आधीं मारावयाचें तर सृष्टि उलटी हवी. ती उलटी करणारा कोणी तरी हवा. आणि तो कोणी तरी ती उलटी होईपर्यंत जगला पाहिजे, कारण ती चाल फेरीच्या अगदीं शेवटीं घडते.

पाहा, एका कासवापासून गरजा कशा उगवत गेल्या. सृष्टि उलटविण्यासाठीं त्यानें हॅटेरीन नांवाची चेटकीण घेतली. शत्रूनें तिच्यावर मनाई घातली तर ती मनाई उलट त्याच्यावर जाऊन आदळते, असा तिच्या अंगीं गुण आहे. पण पिशाच्च-कुळाचा प्रहार तिला दुप्पट लागतो. म्हणून तिच्या शेजारीं इंडीडी आली. इंडीडी प्रहार स्वतःकडे ओढून घेते, आणि तिच्या अंगीं सामान्य-कुळ असल्यामुळें पिशाच्चांचा प्रहार तिला लागतच नाहीं. शिवाय ती आली कीं जमिनीवर एक मानसिक क्षेत्र पसरतें, त्यामुळें शत्रूच्या झटपट चाली जमिनीवर उभ्या असलेल्या प्राण्यांस बाधत नाहींत. एकीची उणीव दुसरीनें झांकली, दुसरीचें सामर्थ्य पहिलीनें कामास लाविलें. यंत्रमागाच्या गांवांत राहणाऱ्या आपणांस हें निराळें सांगावयास नको. नुसत्या उभ्या धाग्यांचें कापड होत नाहीं.

या संघांत मंदपणासही किती बारकाईनें घडवावें लागतें, याचा एक दाखला देतों. टॉर्कोलचा मूळ वेग २०, हॅटेरीनचा २९, आणि शत्रूकडे पुष्कळदां आढळणाऱ्या ॲमूंगस या भूछत्राचा ३०. हें भूछत्र झोंपेची भुकटी उडवितें. पन्नासाव्या पायरीवर, स्वभाव मंद ठेवून व वेगावर एकही गुण न खर्चतां, हे आंकडे २२, ३० आणि ३१ पर्यंत उतरतात. तीस आणि एकतीस! उलट्या सृष्टींत चेटकीण भूछत्राच्या अगोदर चालते ती या एका आंकड्यानें. एखाद्यानें अजाणतां तिच्या वेगावर आठ गुण खर्चले, तर ती आघाडी जाईल. आणि पाऊस पाडणारा पेलिपर पक्षी जर टॉर्कोलबरोबरच मैदानांत उतरला, तर ऊन टिकतें कीं पाऊस? दोघांपैकीं जो मंद, त्याचा गुण मागाहून लागू होतो आणि तोच टिकतो. पेलिपरचा वेग ६५. ऊनच टिकतें.

असा चोख बेत करून आमचा विद्यार्थी खेळूं लागला आणि हरूं लागला.

या ठिकाणीं मी थोडा रेंगाळणार आहें, कारण संघाचें खरें काम येथूनच सुरू होतें. तो सराव करतो 'पोकेमॉन शोडाउन' या ठिकाणीं. हौशी लोकांनीं चालविलेली ही सोय २०११ पासून आहे, फुकट आहे, आणि घरच्या साध्या संगणकावर चालते. महागडें यंत्र विकत घेण्याआधीं मुलानें तेथें हात चालवून पाहावा, असें मी पालकांस सुचवीन. तेथें प्रत्येक सामन्याचा वृत्तान्त जपून ठेवतां येतो. पहिल्या दिवशीं तो हरल्यावर चिडून लगेच दुसरा सामना लावी. चौथ्या-पांचव्या दिवशीं मला त्याच्या टेबलावर एक दोनशें पानी वही दिसली. तींत हरलेल्या सामन्यांचीच नोंद होती. जिंकलेले सामने कां नाहींत, असें विचारतां म्हणाला, "त्यांत काय आहे लिहिण्यासारखें?"

वहीनें पहिली गोष्ट सांगितली ती ही कीं, शत्रु लढतच नाहीं. सृष्टि उलटी झाली कीं तो ढाल पुढें करतो, प्राणी मागें घेतो, दुसरा आणतो, आणि पांच फेऱ्या नुसत्या जाळून टाकतो. मग सृष्टि सरळ होते आणि कासव उघडें पडतें. म्हणजे एकाच युक्तीवर उभा असलेला संघ ती युक्ति संपतांच कोसळतो. त्यावर उपाय म्हणून आली लिलिगंट, फुलाच्या वेषांतली राणी. उन्हांत तिचा वेग दुप्पट होतो, आणि तिला 'माझ्यानंतर तूं' अशा अर्थाची एक चाल येते. ती सर्वांच्या आधीं चालून कासवास हात धरून पुढें आणते. सृष्टि सरळ असतांनाही उद्रेक आधीं होतो. आतां शत्रूस दोन भिन्न बेतांशीं सामना करावा लागला, आणि कोणता येणार हें त्यास आधीं कळत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक बोचरी होती. पांचव्या जागीं त्यानें इन्सिनरोर घेतला होता. २०१६ सालीं या खेळांत अवतरलेला हा पहिलवान बोका जगांतल्या असंख्य संघांत असतो, आणि तो असण्यास कारणेंही तशीच आहेत. समोर येतांच तो शत्रूचें मारण्याचें बळ घटवितो, आणि पहिल्याच फेरींत झटकन् टाळी देऊन एकास दचकवितो, कीं त्याची ती फेरी फुकट जावी. पण ही टाळी झटपट चालींपैकीं आहे. आणि इंडीडीनें पसरलेलें मानसिक क्षेत्र झटपट चाली अडवितें तेव्हां आपला-परका पाहत नाहीं! घरच्याच दाराला लावलेल्या कुलपानें घरचाच माणूस बाहेर राहिला. वहींत तीनदां हीच नोंद आली, तेव्हां त्यानें त्या जगप्रसिद्ध बोक्यास निरोप दिला. मला त्याचें कौतुक वाटलें तें यासाठीं कीं, ज्यास सारें जग घेतें त्यास काढण्यास धैर्य लागतें. हरलों तर 'अमुक नव्हता म्हणून' असें म्हणावयास लोक टपलेले असतात. त्याच्या जागीं उर्सालुना हें अस्वल आलें. तें भूमि-कुळाचें, म्हणून चेटकिणीस छळणाऱ्या पोलाद व विष या दोन्ही कुळांस दुप्पट मारतें. सामान्य-कुळाचें, म्हणून पिशाच्चांस दाद देत नाहीं. आणि स्वभावतः मंद, म्हणून उलट्या सृष्टींत सुखानें नांदतें.

तिसरी दुरुस्ती एका चालीपुरतीच होती. कांहीं शत्रु असे आहेत कीं, अग्नीचा प्रहार त्यांस लागत नाहीं, उलट त्यानें ते चेततात. त्यांच्यापुढें कासव हतबल होई. कासवाच्या चार चालींत एक सूर्यकिरणांची होती, पाण्याच्या प्राण्यांसाठीं ठेवलेली. विद्यार्थ्यानें वही उलगडली आणि पाहिलें कीं, ती चाल त्यानें जवळजवळ वापरलीच नव्हती, कारण पाण्याच्या प्राण्यांचा समाचार लिलिगंट घेतच होती. तेव्हां किरण काढले आणि भूमि-कुळाचा प्रहार शिकविला. एकाच चालीची अदलाबदल. पण हरलेल्या सामन्यांचें एक पान त्यानें बंद झालें.

एका वेळीं एकच बदल करावयाचा, हा नियम त्यानें स्वतःशीं घालून घेतला होता. मिरजेस तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस याचें मर्म कळेल. तो घोडीवरून कानस हलकीच फिरवितो, तार छेडतो, कान लावून ऐकतो, पुन्हां फिरवितो. त्यानें एकदम चार जागीं घासलें तर आवाज कोणत्या घांसण्यानें सुधारला आणि कोणत्यानें बिघडला, हें त्याचें त्यासच कळणार नाहीं.

या कामांत एक मोठी अडचण आहे, ती दैवाची. प्रत्येक प्रहाराचें माप सोळा पायऱ्यांपैकीं कोणत्या तरी एका पायरीवर पडतें. सर्वांत खालची पायरी पूर्ण मापाच्या शेंकडा ८५, सर्वांत वरची शंभर. शिवाय चोवीसांत एकदां प्रहार वर्मीं लागून दीडपट होतो. म्हणून सोळांपैकीं पंधरा वेळां शत्रूस पाडणारा प्रहार सोळाव्या वेळीं त्यास जिवंत ठेवतो, आणि नेमका तोच सामना अंतिम असतो! अशा वेळीं संघ बदलणें हा मूर्खपणा. आणि आपली चूक दैवाच्या माथीं मारून संघ न बदलणें हा त्याहून मोठा. विद्यार्थ्यानें वहींत दोन रकाने पाडले होते, एक 'नशीब' आणि एक 'मी'. आरंभीं पहिला रकाना भरगच्च दिसे. महिन्याभरानें त्यानें मागच्या नोंदी पुन्हां वाचल्या आणि कितीतरी ओळींना बाण काढून त्या दुसऱ्या रकान्यांत नेल्या. परीक्षेचे कागद मीं पुष्कळ तपासले आहेत. पण स्वतःचे स्वतः असे तपासणारा मुलगा क्वचित् पाहिला.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशास? जिंकणाऱ्यांचे संघ दुसऱ्या दिवशीं जगजाहीर होतात. खेळांतच एक सांकेतिक अक्षरसमूह भरला कीं दुसऱ्याचा तयार संघ उसना मिळतो. उसना घ्यावा, त्यांत कमीपणा नाहीं. गाणें शिकणारा प्रथम गुरूचीच चीज गातो. पण उसन्या संघांतला एक आंकडा तीस कां आहे आणि एकतीस कां नाहीं, हें ज्यास ठाऊक नाहीं, तो पहिल्या अनपेक्षित चालीस गोंधळतो. याच्या पुढची पायरी मात्र मला नापसंत आहे. प्राणी रीतसर वाढविण्यास वेळ लागतो, म्हणून कांहीं जण संगणकाच्या करामतीनें आयते प्राणी घडवितात. २०२३ सालीं योकोहामा येथील जागतिक स्पर्धेंत तपासणी झाली आणि असे प्राणी आणलेले कांहीं खेळाडू बाद झाले. तेव्हां बराच वाद माजला. वाढविण्याचे ते तास कंटाळवाणे असतात, मूळ कौशल्याशीं त्यांचा संबंध नाहीं, अशी बाद झालेल्यांची बाजू होती, आणि तींत अगदींच तथ्य नव्हतें असें नाहीं. पण नियम सर्वांस आधीं ठाऊक होता.

घरच्या मंडळींस एवढेंच सांगतों कीं, 'बंद कर तो खेळ' हें वाक्य म्हणण्यापूर्वीं एकदां 'आज संघांत काय बदललेंस?' असें विचारून पाहा. उत्तर आलें नाहीं, तर तो नुसता वेळ घालवीत आहे असें खुशाल समजा आणि यंत्र कुलुपांत ठेवा. उत्तर आलें तर तें बहुधा लांबलचक येईल. तें ऐकावयास बसावें लागेल, आणि जेवणें थोडीं थंड होतील. माझ्या शेजाऱ्यांच्या घरीं रात्रीं दहानंतर संगणक बंद, असा नियम आहे आणि तो पाळला जातो. वही मात्र दहानंतरही उघडी असते, तिला कोणी हरकत घेत नाहीं.

त्या संघाची सहावी जागा अजून ठरलेली नाहीं. लहानपणीं ज्या प्राण्यावर या विद्यार्थ्याचा जीव जडला, तो व्हीनसॉर, पाठीवर भलें मोठें फूल वाहणारा. तोही उन्हांत दुप्पट चपळ होतो, म्हणून संघांत शोभतो खरा. पण कासवास पुढें आणणारी ती चाल त्यास येत नाहीं, आणि लिलिगंट असतांना तृण-कुळाचा दुसरा घेणें म्हणजे शत्रूच्या अग्नीस दोन गंज्या देणें, तेही आपणच पाडलेल्या उन्हांत. हें सारें त्यास माझ्याहून चांगलें समजतें. मंगळवारीं त्यानें व्हीनसॉरचें नांव वहींतून खोडलें होतें. काल पाहिलें तर त्यावरच पुन्हां बारीक अक्षरांत लिहिलेलें, आणि पुढें कंसांत एक शब्द: 'काम?'